मे महिन्यात हीटर

आधी वास आला.
नवलकर बाई म्हणाल्या, गाडीत कुणी
जिलबीचा पाक सांडलाय की काय?
डावीकडच्या मॅटवर मी तळवा दाबला,
हिरवं, चिकट, कोमट.
समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं,
पुसावं तर पसरतं.

अठ्ठ्याण्णवची एस्टीम. म्हटलं, हीटरचा कोर फुटलाय.
बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दोन दिवस जातात.
त्यापेक्षा इंजिनातून ज्या दोन नळ्या आत जातात
त्या बाहेरच एकमेकींना जोडून टाकतो.
बायपास. चाळीस रुपयांचा तुकडा, दोन क्लिपा.
घोडपदेवात हीटर लागतो कुणाला?
फैजान हसला. मीही.

बाई नाही हसल्या.
"नळ्या मला शिकवू नका," म्हणाल्या,
"एक आत, एक बाहेर.
तुम्ही कोर नवा घाला."

मग काय. कुलंट काढलं, स्टिअरिंग खाली घेतलं,
रेडिओ, राखेचा डबा, हातमोज्यांचा म्हणतात तो कप्पा
(त्यात हातमोजे मी तरी कधी पाहिले नाहीत).
स्क्रू थाळीत, थाळीवर खडूनं नंबर,
खडू घामानं पुसला गेला.
डॅशबोर्ड निघाला तेव्हा गाडी
कवळी काढलेल्या माणसासारखी दिसायला लागली.
आत सापडलं ते: चार आण्याचं नाणं, एक वेलदोडा,
वाशीच्या टोलची पावती, अक्षरं उडालेली.
आणि कोर.
जेवणाच्या डब्याएवढा, पत्र्याच्या पेटीत बसलेला.
कोपऱ्यात पांढरट-हिरवी खपली,
नखानं काढली तर खाली टाचणीएवढं भोक.
एवढ्याशा भोकातून इतका पाक!

कुर्ल्याला रफअतभाई पोट धरून हसला:
"हीटर? मुंबईत? सिमल्याला बदली झाली का?"
तरी माळ्यावर चढला. तिसऱ्या पोत्यात मिळाला,
दुसऱ्याच गाडीचा, पण मापाचा.
टबात बुडवून हवा मारली. बुडबुडा नाही.

गुरुवारी रात्री बाई म्हणाल्या, बसा, चालवून बघू.
मला वाटलं जाऊन येऊ रे रोडपर्यंत.
त्यांनी परळला नेली, हॉस्पिटलच्या मागच्या दारी.
साडेअकरा. तिसरी शिफ्ट सुटत होती.
साहेब बाहेर आले,
मे महिन्यात कानटोपी, स्वेटर,
कोपराच्या आत पांढरी पट्टी, तिच्यावर दाबलेला अंगठा.
दात वाजत होते. मला ऐकू येत होते, मागच्या सीटवर.

बाईंनी चारही काचा चढवल्या.
दांडा निळ्याकडून लालकडे सरकवला, शेवटपर्यंत.

लालबागला माझी मान भिजली.
सिग्नलला शेजारचा टॅक्सीवाला
बनियनवर, हातात पुठ्ठा, वारा घेत
आमच्याकडे वेड्यासारखा बघत होता.
बाईंच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता स्टिअरिंगवर,
त्या पुसत नव्हत्या.
काळाचौकीपाशी दात थांबले.
साहेबांनी तळवे जाळीसमोर धरले,
उलटे केले, परत सुलटे,
आपण शेकोटीवर धरतो तसे.
"वास गेला की," म्हणाले.
"गेला," बाई म्हणाल्या. बस, एवढंच.

मी घोडपदेवच्या नाक्यावर उतरलो.
बाहेरची उकाड्याची हवा अंगाला
फ्रिज उघडल्यासारखी लागली.
नळ्यांचं ते वाक्य तेव्हा कळलं मला,
रस्त्यात उभा असताना, गाडी वळून गेल्यावर.

सकाळी फैजाननं विचारलं, हीटर चालतो का?
थाळीत दोन स्क्रू उरले होते, ते कुठले
हे दोघांनाही सांगता येईना.
मी म्हटलं, तारेवरचा शर्ट बघ.
पाठभर मिठाची पांढरी रेघ होती,
अगदी त्या जुन्या कोरच्या खपलीसारखी.